राखीव तीनचा शोध

"ज्याच्या हातात नकाशा आहे, तो माणूस या पृथ्वीतलावर कुठेही हरवू शकत नाही," असं ओइवाने शनिवारी सकाळी दहा वाजता कर्ण्यावरून जाहीर केलं. हे जाहीर करायला तो चाळीस मिनिटं उशिरा पोचला होता. तोपर्यंत तो दुसऱ्याच खडीच्या खाणीत एकटा उभा होता.

हाउकिलांपीच्या जंगलात खडीच्या खाणी दोन. एक उत्तरेला, एक दक्षिणेला, आणि दोन्ही दिसायला इतक्या सारख्या की त्यांच्या मालकालाही उत्तर-दक्षिण विचारून घ्यावी लागते. यंदाच्या विद्यापीठ अजिंक्यपदाचा तळ दक्षिणेच्या खाणीत होता. फिनलंडात जंगलातली स्पर्धा म्हटली की ती खडीच्या खाणीतच भरते. गाड्या लावायला आणि तंबू ठोकायला दुसरी सपाट जागा देवाने दिलेली नाही.

ओइवा हा यजमान क्लबचा अध्यक्ष. विद्यापीठात त्याचं सातवं वर्ष चालू होतं आणि ते शेवटचं असेल असं कोणी म्हणत नव्हतं. संपूर्ण स्पर्धेचा संगणक त्याच्या ताब्यात होता आणि त्याचा पासवर्ड त्याने कोणालाच सांगितला नव्हता. सांगितला तर लोक गोंधळ करतील, असं त्याचं म्हणणं.

कर्ण्यासमोर उभ्या असलेल्या अडीचशे विद्यार्थ्यांत त्याच्याच क्लबची केर्तू होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण तिच्या दोन्ही हातांत याद्या होत्या. केर्तूकडे जंगलाची यादी होती, म्हणजे कोण आत गेलं आणि कोण परत आलं त्याची. ओरिएंटीयरिंगमध्ये करायचं एवढंच असतं: नकाशा आणि होकायंत्र घेऊन जंगलात धावायचं, केशरी-पांढऱ्या झेंड्यांच्या चौक्या क्रमाने शोधायच्या, प्रत्येक चौकीवर बोटाला बांधलेली चिप टेकवायची आणि शक्यतो त्याच दिवशी परत यायचं. परत आल्यावर तंबूत जाऊन चिप संगणकाला वाचायला द्यायची. ती वाचली गेली नाही, तर नियमाप्रमाणे तुम्ही अजून जंगलातच असता. मग भले तुम्ही समोर बसून सूप पीत असा. यादीत एक जरी नाव उरलं तरी सगळे शोधायला निघतात. ते नाव उरू न देणं हे केर्तूचं काम.

शिवाय ती स्वतः धावणारही होती. मार्ग आखणारे लांबच्या गावचे होते, यजमानांपैकी कोणी हे जंगल पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यात काही गैर नव्हतं. गैर होतं ते तिच्या नशिबात. गेली तीन वर्षं निकालात केर्तूच्या नावापुढे वेळ नव्हती, एक आडवी रेघ होती. पहिल्या वर्षी ती चौदापैकी तेरा चौक्यांवर गेली आणि चौदावी दुसऱ्याच स्पर्धेची निघाली. दुसऱ्या वर्षी ती इतरांचे नंबर टाचायला पिना शोधत असताना तिची सुटायची वेळ टळून गेली. तिसऱ्या वर्षी एकाचा पाय मुरगळला आणि केर्तूने त्याला पाठीवर घेऊन तळावर आणलं. तो धट्टाकट्टा होता. नंतर संध्याकाळी तो नाचतानाही दिसला. तिच्या धाकट्या भावाने यंदा वाढदिवसाला तिला जो संदेश पाठवला त्यात एकच रेघ होती.

आज वेळ लागलीच पाहिजे, असं तिने ठरवलं होतं. पहिलं नको, दहावं नको. नावापुढे आकडे हवेत.

तर सुटायच्या दहा मिनिटं आधी तिची चिप मेली. केर्तू घाबरली नाही. तिने खोक्यातून 'राखीव ३' अशी चिठ्ठी लावलेली चिप उचलून बोटाला बांधली. ओइवाला सांगायला हवं होतं, पण तो तेव्हा मुलाखत देत होता. मग तिने पेनाने स्वतःच्या हातावर लिहिलं: ३ = मी. अकरा सेहेचाळीसला ती जंगलात शिरली.

ती कशी धावली हे तिलाही सांगता आलं नसतं. दलदल तिने गुडघाभर पाण्यातून कापली, खडकांची रांग बरोबर डावीकडे ठेवली, एकदा नकाशाला खोटारडा म्हणाली आणि नंतर त्याची माफी मागितली. चौदाही चौक्या मिळाल्या. तळावरच्या शेवटच्या दांड्यावर तिने चिप टेकवली तेव्हा तिच्या घड्याळात एक्कावन्न मिनिटं वीस सेकंद झाले होते. आता वीस पावलांवरच्या तंबूत चिप वाचून घेतली की झालं.

त्या वीस पावलांत हेल्वीमावशी उभ्या होत्या.

हेल्वीमावशी जवळच्या गावच्या. गेली तीस वर्षं या भागात लग्न असो, अंत्यविधी असो की स्पर्धा, सुपाची तोफ त्याच चालवतात. तोफ म्हणजे लष्कराची चाकांवरची चूल, धुराडं वर केलेली. वाटाण्याचं सूप उतू चाललं होतं आणि वाढायला ठेवलेल्या दोघी मुली धावायला पळाल्या होत्या. मावशींनी केर्तूला पाहिलं, तिच्या गळ्यात ॲप्रन घातला, डोक्याला फडकं बांधलं, कोपरापर्यंतचे पिवळे रबरी हातमोजे तिच्या हातांवर चढवले आणि हातात ओगराळं दिलं. दोनच मिनिटं धर, म्हणाल्या.

दोन मिनिटांत केर्तूने अडीचशे वाट्या सूप वाढलं. त्याला पावणेतीन तास लागले. मधूनमधून तिचं उजवं बोट मोज्यात जरा टोचायचं; वाफेने सुजलं असेल, असं समजून ती वाढत राहिली.

साडेतीनला ओइवा संगणक काखेत मारून आला. सगळे परतले होते, एक सोडून. राखीव चिप क्रमांक तीन, सुटायची वेळ अकरा सेहेचाळीस, अजून जंगलात. नाव नाही.

केर्तूचा पारा चढला. अकरा सेहेचाळीस ही वेळ तिला कुठेतरी ओळखीची वाटली. गावाकडे जाणारी बस बहुधा त्याच वेळेला असावी. पण राखीव चिप घ्यायची आणि कोणाला सांगायचंसुद्धा नाही, हा काय प्रकार? असल्या माणसांना घरातून एकटं सोडूच नये, असं ती ओइवाला म्हणाली. ओइवालाही ते पटलं.

तिने कर्णा घेतला आणि अकरा सेहेचाळीसच्या सुमाराला जंगलात कोणी कोणाला पाहिलं ते विचारलं. साक्षीदार पुढे आले. दक्षिणेकडच्या विद्यापीठातला एक जण म्हणाला की दलदलीच्या काठी एक मुलगी नकाशाशी भांडत होती. दुसरीने सांगितलं की तीच ती. आपल्या शेजारून ती तीनदा गेली आणि तिन्ही वेळा नव्याने नमस्कार केला. कशी धावत होती, असं केर्तूने विचारलं. त्यावर तिसऱ्याने बराच विचार केला.

"दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या आहेत आणि पुढे वासरू सुटलंय, अशी," तो म्हणाला.

"आणि दिसायला?"

त्याने केर्तूकडे नीट पाहिलं. "उंचीने तुझ्याएवढीच. चेहऱ्यावरून जरा कमी हुशार."

केर्तूने हे सगळं यादीवर टिपून घेतलं आणि शेवटी कंसात 'बिचारी' असं लिहिलं. तिला आता त्या मुलीची खरंच काळजी वाटायला लागली होती.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी शोध सुरू झाला. निकाल चारला बंद व्हायचे होते, पण पंच राइमो यांनी आपलं थांबघड्याळ काढून दाबलं. राइमो हे गणिताचे निवृत्त अध्यापक. त्यांच्याकडे एक घडीची खुर्ची, एक थर्मास आणि नियमपुस्तक एवढंच सामान असे, आणि त्यातलं नियमपुस्तक सर्वांत जीर्ण होतं. नियम एकतीस, त्यांनी सांगितलं: हरवलेल्या माणसाचा शोध चालू असताना निकालाचं घड्याळ थांबतं. म्हणजे वीस मिनिटं शिल्लक.

मग केर्तूने जी व्यवस्था लावली तिला तोड नव्हती. ओगराळ्याने दिशा दाखवत तिने देशातल्या उत्तमोत्तम धावपटूंच्या बारा टोळ्या पाडल्या. चार दलदलीत, चार खडकांवर, दोन तळ्याकाठी, दोन रस्त्यावर. फोन कोणाकडे नव्हते. जंगलात फोन नेला तर बाद, ही सवय एवढी पक्की की शोधायला जातानाही सगळ्यांनी ते टोपलीत टाकले. ओइवा म्हणाला की उत्तरेकडचा भाग तो एकटाच बघेल. संगणक बंद करून, काखेत घेऊन, हातात नकाशा फडकवत तो झाडीत दिसेनासा झाला.

खाणीत तिघंच उरली. राइमो खुर्चीत बसले. हेल्वीमावशींनी कॉफी चढवली आणि झाकण फार तापलंय म्हणून केर्तूकडे उजव्या हाताचा मोजा मागितला.

केर्तूने मोजा काढला.

बोटाला चिप होती. चिपेवर चिठ्ठी होती. हाताच्या पाठीवर, घामाने थोडं पसरलेलं पण वाचता येण्याजोगं, तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

ती बराच वेळ ते वाचत उभी राहिली. तेवढा वेळ लागण्याइतका मजकूर तो नव्हता.

"काय गं, भाजलं का?" मावशींनी विचारलं.

"सापडली," केर्तू म्हणाली.

"कोण?"

"ती बिचारी."

मावशींनी आजूबाजूला पाहिलं. मग हाताकडे पाहिलं. मग त्या कॉफीकडे वळल्या, कारण कॉफी वर येत होती.

राइमो यांनी मात्र मान डोलावली आणि थांबघड्याळ पुन्हा सुरू केलं. शोध संपला, ते म्हणाले, वीस मिनिटांत चिप वाचून घे. केर्तू तंबूकडे धावली. टेबल होतं, चिप वाचायचा डबा होता, त्याची वायर होती. वायरीच्या दुसऱ्या टोकाला काही नव्हतं. संगणक उत्तरेकडच्या भागाची पाहणी करत होता.

मावशींच्या गाडीचा भोंगा तिने असा वाजवला की तळ्यावरची बदकं उठली. नवव्या मिनिटापासून टोळ्या परत यायला लागल्या. कोण सापडली, कुठे सापडली, जखमी आहे का, असं जो तो विचारत होता. केर्तूने प्रत्येक टोळीला वेगवेगळं सांगायचा प्रयत्न केला, पण सोळाव्या मिनिटाला बाराही टोळ्या एकत्र आल्या आणि मग खरं सांगावं लागलं. कोणी हसलं नाही. फिनलंडात असल्या वेळी लोक जमिनीकडे बघतात. दोनशे माणसं एकदम जमिनीकडे बघताना पाहिल्यावर केर्तूला वाटलं, हसले असते तर बरं झालं असतं. बादल्या आणि वासरूवाल्याने तेवढी तिची क्षमा मागितली. आत्ता चेहरा जास्त हुशार दिसतोय, असंही तो म्हणाला.

सतरा मिनिटं झाली. ओइवा नाही. अठरा झाली. केर्तूला नावापुढची रेघ दिसायला लागली, चौथी, आणि या खेपेला ती तिने स्वतः दोनशे माणसं लावून ओढली होती.

तिने यादी उचलली. सवयीने शोधपथकांच्या नावांवर खुणा करत गेली. एक खूण कमी पडली.

"राइमो," ती म्हणाली, "ओइवा आलेला नाही."

"येईल की."

"सगळ्यांना भोंगा ऐकू आला. त्याला नाही आला. मी यादीवाली आहे. माझ्या मते ओइवा हरवलाय."

राइमो यांनी खुर्चीतून तिच्याकडे पाहिलं. अध्यक्ष हरवला, असं कोणी आजवर म्हटलं नव्हतं. नियम एकतीसमध्ये स्पर्धक म्हटलंय की माणूस, हे त्यांनी चष्मा लावून तपासलं. माणूस म्हटलं होतं. ओइवा त्यात बसतो का, याचाही त्यांनी क्षणभर विचार केलेला दिसला.

"लेखी दे," ते म्हणाले.

केर्तूने ओगराळं काखेत धरलं आणि यादीच्या मागे लिहिलं: ओइवा, हातात नकाशा असून, हरवला आहे. खाली सही केली. राइमो यांनी ते दोनदा वाचलं आणि एकोणीस मिनिटं चाळीस सेकंदांवर थांबघड्याळ दाबलं.

दोनशे माणसं पुन्हा जंगलात गेली. या वेळी सगळी उत्तरेला, आणि जरा उत्साहाने.

ओइवा पाच वाजून दहा मिनिटांनी उत्तरेच्या खाणीत सापडला. तो तिथल्या एका दगडावर बसला होता आणि रागावलेला होता. सगळी स्पर्धा तंबू-तोफेसकट कुठे हरवली, म्हणून तो तासभर काळजी करत होता. आपण हरवलो होतो हे त्याने शेवटपर्यंत मान्य केलं नाही. बाकीचे चुकीच्या जागी होते, एवढंच तो म्हणत राहिला.

तळावर येऊन त्याने संगणक उघडला. चुकीचा पासवर्ड दोनदा टाकला, तिसऱ्यांदा बरोबर टाकला. वायर जोडली. राइमो यांनी घड्याळावर बोट ठेवलं, शोध संपल्याचं सांगितलं आणि उरलेले वीस सेकंद चालू केले. केर्तूने चिप डब्यात घातली. डब्याने 'पीप' केलं आणि छोटी चिठ्ठी बाहेर आली. चौदा चौक्या, एक्कावन्न मिनिटं वीस सेकंद. नववा क्रमांक. रेघ कुठेही नव्हती.

नावाच्या जागी 'राखीव ३' असं होतं.

नाव सोमवारी बदलता येईल, अर्ज दिला तर, असं ओइवा म्हणाला. तोवर निकाल सगळीकडे गेले होते. टोपलीतल्या केर्तूच्या फोनवर भावाचा संदेशही येऊन पडला होता. ही राखीव ३ कोण आहे, तुमच्या क्लबची दिसते, बरी धावते, तिच्याकडून काहीतरी शिक, असं त्याने लिहिलं होतं.

तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. हळू, पण सगळ्यांनी, बादल्यावाल्याने जरा जास्तच. केर्तू ॲप्रनमध्ये, एका हातात मोजा आणि दुसऱ्यात चिठ्ठी घेऊन खाणीच्या मधोमध उभी राहिली. चार वर्षांनी मिळालेले आकडे ती पुन्हा पुन्हा वाचत होती. आपण काहीतरी बोलावं असं तिला वाटलं. ती बोलणारही होती. राइमो यांनी तेवढ्यासाठी खुर्ची वळवून घेतली होती.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत हेल्वीमावशी पुढे आल्या आणि तिच्या काखेकडे बोट दाखवलं.

"पोरी, ते ओगराळं तेवढं धुऊन दे," त्या म्हणाल्या. "मला निघायचंय."