गुळाने शांत होणारी देवी

सकाळी चुलीवर तुरीची डाळ शिजत होती आणि बसंतीबाई ओसरीत बसून पोटाला इन्सुलिनची सुई टोचून घेत होती. ढाणकीकडच्या त्या तांड्यावर हे रोजचंच. सुई टोचायची, पदर सावरायचा आणि वाट पाहायची. आधी नवरा रामलाल जेवणार, मग मुलगा बबलू, मग ओसरीवर जो कोणी टेकला असेल आणि ज्याला ‘बसा, जेवून घ्या’ म्हणायची रामलालला लहर येईल, तो. घरच्या बाईने पुरुषांआधी घास घेतला तर लक्ष्मी उठून जाते, असा तिथला नियम. लक्ष्मीला म्हणे उपाशी बायकांचंच घर मानवतं.

बसंतीबाईची साखर बबलूच्या लग्नाच्या कितीतरी आधीची. पुष्कळ वर्षं शरीराने हा उशीर सोसला. मग वय झालं, भूक आटली, सुई मात्र तेवढीच राहिली. एका दुपारी पाहुण्यांची पंगत उठायची वाट पाहता पाहता तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, डोळे फिरले, ती काहीबाही बडबडू लागली. कोणी विचारायचं तर एवढंच होतं, की बाई, जेवलीस का? रामलालने हात जोडले आणि सांगितलं, देवी आली.

मग देवी वरचेवर येऊ लागली, आणि नेमकी पंगतीच्या वेळी. मोटारसायकलवरून आलेली, खिशात मोबाइल बाळगणारी शहाणीसुरती माणसं घामाने भिजलेल्या म्हातारीपुढे मांडी घालून विचारत, कापसाला भाव कधी येईल, साहेबाची बदली होईल काय. ती पुटपुटे आणि अर्थ रामलाल सांगे. शेवटी तिच्या तोंडात गूळखोबऱ्याचा प्रसाद घातला की देवी शांत होई. दर वेळी गुळानेच शांत होई. हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि एकाही पागोट्याखाली त्याचा उजेड पडला नाही.

बसंतीबाईला मागाहून काही आठवत नसे. पण शुद्धीवर येताना नवऱ्याचं डोकं आपल्या पायावर दिसे, आणि ते तिला आवडे, हेही खरं. एरवी त्या पायात काटा मोडला तरी त्याने वाकून पाहिलं नव्हतं.

एकदा प्रश्न लांबले, गूळ उशिरा आला आणि ती बेशुद्धच पडली. सून पुष्पाने ऑटो बोलावून तिला तालुक्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं, की इतक्या वर्षांच्या साखरेने मूत्रपिंडं थकली आहेत. सुईचं औषध आता अंगात जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून जुना डोस भारी पडतो. त्यांनी डोस उतरवला आणि सुईनंतर लगेच जेवायचं, असं बजावलं. त्या दिवसापासून पुष्पा सासूला चुलीमागे बसवून भाकर चारू लागली. चोरून, आणि तेही स्वतःच्या घरात.

देवी येईनाशी झाली. रामलालची ओसरी ओस पडली.

होळीला पुष्पाच्या तान्ह्या पोराची धुंड होती. वर्षभरात जन्मलेल्या मुलाचं ते मोठं कौतुक. बोकड कापला, मांडव भरला. कळंबकडचा नातलग खेमसिंग लेकाच्या नोकरीचं देवीला विचारायला नारळ घेऊनच आला होता. रामलाल आत आला. बसंतीबाई सुई भरत होती.

“बबलूची माय, आज पह्यलेसारखी घे. डॉक्टरनं कमी केली तवापासून देवी रुसली.”

“अन् जेवन?”

“पंगत उठू दे. देवी काय जेवून येते काय?”

बसंतीबाईच्या ध्यानात आलं. म्हणजे याला ठाऊक होतं. देवी कुठून येते हे नसेल ठाऊक, पण कशाने येते ते पुरतं ठाऊक होतं.

तिला तिची आजी रुखमाबाई आठवली. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून गावोगाव हिंडणाऱ्या लदेणीच्या गोष्टी आजी सांगायची. दिवसभर बैलांमागे चाललेल्या बाईला तळावर आधी भाकर मिळे, पुरुष त्याच विस्तवापाशी शेजारी बसून खात. ओसऱ्या नंतर आल्या, आणि ओसऱ्यांबरोबर हे शहाणपण.

डॉक्टरीणबाईंनी सांगितली तेवढीच सुई तिने घेतली. ताट उचललं, मांडवात गेली. पहिल्या पंगतीत रामलाल येऊन बसला होता; ती त्याच पंगतीत खेमसिंगच्या शेजारी बसली.

“पुष्पा, वाढ मले. अन् तुह्यं ताटबी घेऊन ये.”

“याडी, लोक पाहून राह्यले,” पुष्पा सासूआईला म्हणाली.

“पाहू दे. इतके वर्स मी त्यायले जेवताना पाह्यलं.”

पुष्पाने वाढलं. खेमसिंग मांडीवरचा नारळ सावरत खालच्या आवाजात म्हणाला, “बाई, देवी कधी येइन?”

बसंतीबाईने भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला, सावकाश चावून गिळला.

“देवी जेवून राह्यली. थांबा जरा.”

लक्ष्मी काही उठून गेली नाही. उठून गेला तो रामलाल, आणि त्याच्या रिकाम्या जागेवर पुष्पा आपलं ताट घेऊन बसली.