चिमटेबाबांनी काढलेली गाठ

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर चिमटेबाबा, बाकावर उघड्या पोटाने पडलेला रंगारी आणि समोर श्वास रोखून बसलेली माणसं.

"ना सुरी, ना टाका, ना भूल!" बाबा गरजले. "देह म्हणजे ढग, बाळा! ढगात हात घालायला दार लागतं का?"

त्यांनी कापसाचा बोळा बेंबीवर दाबला. बोटं आत गेल्यासारखी दिसली, लाल ओघळ सुटला आणि चिमटीत आली चांगली सुपारीएवढी गाठ! टाळ्यांनी छत उडायचंच बाकी राहिलं.

चेला बादली घेऊन धावला. सगळ्यांच्या गाठी त्या बादलीत पडायच्या आणि गुपचूप मागच्या दाराने जायच्या. पण हा पडला हाडाचा रंगारी. कापडाचा माल रंगवून निघाला की नमुन्याचा तुकडा कापून ठेवायचाच, ही त्याच्या कारखान्याची शिस्त. "माझा माल, नमुना मी ठेवणार," म्हणत त्याने गाठ रुमालात गुंडाळली. चेल्याचं तोंड एवढंसं झालं, पण भर सभेत हिसकावणार कसा?

घरी रुमाल उघडताच बायको किंचाळली. तिची धाकटी बहीण मात्र खूश झाली. ती डॉक्टर होती, शरीरातले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोग ओळखणारी. रंगाऱ्याच्या लघवीतून रक्त जायला लागलं, तेव्हा मूत्राशयात गाठ आहे का ते पाहायला दुर्बिणीच्या तपासणीची तारीख तिनेच मिळवली होती. दुखत-खुपत काही नव्हतं, म्हणून हे महाशय म्हणायचे, "कारखान्यातला कच्चा रंग उतरतोय!"

"ती तारीख रद्द कर," आता त्याने फर्मावलं. "गाठ गेली, लघवी स्वच्छ झाली. आता दुर्बीण कसली डोंबलाची?"

"आधी नमुना तपासते. मग तुम्ही म्हणाल तसं," मेहुणी म्हणाली.

काचपट्टी तयार झाल्यावर तिने त्याला प्रयोगशाळेत बोलावलं.

"ह्या रक्तातल्या तांबड्या पेशी. मधे ठिपका दिसतो?"

"दिसतो की. प्रत्येकीत."

"माणसाच्या तांबड्या पेशीत तो नसतो, भावोजी. पक्ष्यांच्या पेशीत असतो. अभिनंदन! तुमच्या पोटातून कोंबडीची कलेजी निघाली."

"अगं, पण मी कोंबडी अख्खी गिळत नाही!"

"ती बोळ्यात होती, लाल पाण्याच्या पिशवीसकट. बोटं दुमडून ढेरीच्या वळीत दाबा बघू." त्याने दाबली. बोटं थेट आत गेल्यासारखी दिसली. रंगारी ओशाळला.

"पण मग लघवी साफ कशी झाली?" त्याने विचारलं.

"मूत्राशयात गाठ असली की रक्त येतं, आपोआप थांबतं, पुन्हा येतं. बाबा घरी झोपले असते तरी थांबलं असतं." तिने दुसरी काचपट्टी लावली. "हे दुसऱ्या कुणाचं मूत्राशय. हे आतलं अस्तर. लघवी साठली की ताणतं, रिकामी झाली की चुण्या पडतात. मूत्राशयाचा कर्करोग बहुतेक वेळा इथेच उगवतो, फुलकोबीच्या तुऱ्यासारखा. बेंबीत नव्हे! अस्तराखाली स्नायू. तिथवर पोचायच्या आत काढला, तर निभावतं. आणि तुमच्या धंद्यातली काही रसायनं, तुमच्या सिगारेटी, सगळ्यांचा राग ह्या अस्तरावरच."

"म्हणजे रंग वरवर आहे की सुतात मुरलाय, ते बघायचं?"

"अगदी तेच."

"मला भीती वाटते गं. बाबा म्हणाला दुखणार नाही, म्हणून गेलो."

"मलाही वाटते, भावोजी. म्हणूनच म्हणते, बघून घेऊ."

तारीख रद्द झाली नाही. दुर्बिणीत मूत्राशयाच्या बाजूच्या भिंतीवर एक तुरा सापडला. तो अस्तरातच होता. डॉक्टरांनी काढला आणि पुन्हा उगवतो का ते पाहायला तपासण्या लावून दिल्या.

पुढच्या सभेत रंगारी कलेजीचा अहवाल घेऊन थेट मंचावर चढला. बाबा डगमगले नाहीत. "मीच गाठीची कोंबडी केली! श्रद्धा ठेव, बाळा!"

लोक हसले. रंगारी हसला नाही.

"ठेवली होती, बाबा. पण गाठ आतच होती," तो म्हणाला आणि लोकांकडे वळला. "मंडळी, लघवीत एकदा जरी रक्त दिसलं, आणि दुसऱ्या दिवशी थांबलं, तरी डॉक्टरकडे जा. माझं थांबलं होतं. मी नाचत घरी गेलो होतो."