आठ अक्षरांपुढचे नाव

मित्रांनो, केरकेना बेटाच्या पूर्व बंदरात जाळी ठेवायची एक खोली आहे. तिथे ऑक्टोपस धरायच्या मातीच्या मडक्यांशेजारी जी राखाडी पेटी धूळ खात पडली आहे, ती मी. मी युनिक्स नावाच्या संगणक-प्रणालीवर चालणारा जुना सर्व्हर. माझ्यात आता वीज नाही. तरी खारी हवा फटीतून आत आली, की आपला पंखा फिरतोय असे मला वाटते आणि मी मनाने पुन्हा बंदराच्या कचेरीत जाऊन बसतो.

काम माझे एकच. स्फाक्स शहरातल्या हवामान कचेरीतून तारेने वादळाचा इशारा आला, की तो कागदावर छापून द्यायचा. इशारा आला तर लाल निशाण, नाही तर हिरवे. पश्चिम बंदरात माझ्याच घडणीचा एक भाऊ आधीपासून हेच करत होता. त्याचे नाव केरकेना-गर्बी, म्हणजे पश्चिमेचा.

मला बसवायला नजुआ नावाची इंजिनीअर आली. बंदराचे प्रमुख अब्दुलवहाब तिच्या खुर्चीमागे उभे होते.

"नाव पुरं घाल हां, पोरी. केरकेना-शर्की! पूर्वेचं बंदर म्हणजे काही पश्चिमेची शेपटी नाही."

"घातलं, चाचा. पण मला तपासू द्या, मग होड्या सोडा."

"तू तपास की निवांत. यंत्र गप्प आहे, म्हणजे समुद्र गप्प आहे."

आणि त्यांनी हिरवे निशाण चढवले.

मित्रांनो, नाव इंग्रजी लिपीत लिहायचे असे आणि मी त्याची पहिली आठच अक्षरे घेत असे. पुढची अक्षरे पिकल्या पानांसारखी गळत. घंटा नाही, तक्रार नाही. लिहिणाऱ्याला वाटे, सगळे आत गेले. केरकेना लिहितानाच आठ अक्षरे संपली. माझी पूर्व गळाली. भावाची पश्चिम कधीच गळाली होती. आता तारेवर आम्ही दोघे एकाच नावाचे, आणि स्फाक्सच्या यादीत त्या नावापुढे पत्ता होता भावाचा.

पाणी त्या सकाळी काचेसारखे होते. शिडे एकेक करून उजेडात विरघळत गेली. त्यांतले एक तिजानीचे. त्याची बायको मबरूका कचेरीत चहाची किटली ठेवून गेली.

नजुआने बसल्या जागेवरून तारेने स्फाक्सचे यंत्र गाठले आणि तिथून मला नावाने हाक मारून पाहिली. उत्तर आले, पण आले पश्चिमेकडून.

"या अल्ला! हाक मारतेय याला आणि ओ देतोय तो!"

तिने पश्चिम बंदराला फोन लावला. तिथले खमैसचाचा हसत होते. "स्फाक्सवाल्यांना उचकी लागलीय का गं? सकाळी एकच इशारा दोनदा! मी एक टाकला चुलीत."

"दोन नव्हते, चाचा. एक आमचा होता. काय लिहिलंय त्यात?"

हसू थांबले. "दुपारी दक्षिणेचं वादळ. होड्या सोडू नयेत."

भोंगा वाजला. आकाश तोवर तांबूस झाले होते. होड्या धापा टाकत परतल्या. तिजानीची आली नाही. अब्दुलवहाबांनी स्वतःच्या हाताने हिरवे निशाण उतरवले. मबरूकाकडे बघायचे त्यांना धैर्य होईना.

"फडकं घेऊन काय उभे राहिलात?" ती म्हणाली. "बोट काढा."

ते स्वतः गेले. दिवस मावळायच्या आत तिजानी सापडला. मासे अडवायला उथळ पाण्यात रोवलेल्या खजुरीच्या झावळ्यांचे कुंपण त्याने कवटाळले होते. होडीच्या मात्र फळ्या झाल्या होत्या. त्याच्या बापाने बांधलेली होडी. तिचे नाव नसीम, म्हणजे झुळूक.

दुसऱ्या दिवशी नजुआने आम्हा दोघा भावांची नावे पुसली. "आठ अक्षरांच्या आतलं हवं, आणि दोघांचं वेगळं," ती म्हणाली.

मबरूका चहा ओतत होती. "नसीम ठेवा याचं. होडी गेली. नाव तरी पाण्यावर लक्ष ठेवील."

भाऊ नुसता गर्बी झाला. मग नजुआने पुन्हा तारेने स्फाक्सच्या यंत्रावरून हाक दिली, "नसीम!" आणि मी ओ दिली. माझ्यासाठी म्हणून मारलेली हाक त्याआधी कधी माझ्यापर्यंत पोहोचली नव्हती.

पुढे कितीतरी वर्षे मी इशारे छापले. कोळी जाता-येता माझ्या पाठीवर थाप मारत. मग नवे यंत्र आले. त्याच्यात भलेमोठे नाव मावते म्हणतात. मला इथे आणून ठेवले. तक्रार नाही. मडकी समुद्राच्या गोष्टी सांगतात, मी ऐकतो.

एवढेच मागतो, मित्रांनो. यंत्राला नाव दिलेत, तर त्याने ते पुरे ऐकले का, हे एकदा हाक मारून बघा. आणि एखाद्या माणसाचे नाव तुम्हाला अर्धेच ऐकू आले, तर उरलेले मनाने भरू नका. त्याला थांबवा आणि पुन्हा विचारा.