बोयाचा दोर

शालनला पोहता येत नव्हतं. डोंगरीच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या बसमध्येच तिने ते आशाला, आपल्या नणंदेला, सांगून टाकलं होतं.

"अगं वहिनी, ट्रकची ट्यूब असते, तिच्यात नुसतं बसायचं," आशा हसली. "लग्न होऊन दोन वर्षं झाली, भाईंदरच्या बाहेर पडलीस कधी?"

आशाच्या ऑफिसातली मंडळी समोरच्या खडकाळ बेटावर सहलीला निघाली होती. बस्त्याव नावाच्या कोळ्याने त्यांना होडीतून नेलं. खडकांमुळे होडी काठाला लागेना, म्हणून त्याने थोडं अलीकडेच नांगर टाकला आणि होडीपासून बेटापर्यंत दोर बांधला. ट्यूबमध्ये बसायचं आणि दोर ओढत पलीकडे जायचं. एकेक जण ओरडत, खिदळत पोचला. शालन उरली. आशा पोहत तिला न्यायला आली.

साडीचा काचा मारून शालन ट्यूबमध्ये बसली. अर्ध्या वाटेवर एक लाट आडवी आली आणि दोर हातातून सुटला.

ओहोटी लागली होती. ट्यूब बेटाकडे न जाता उघड्या समुद्राकडे निघाली. ट्यूबला धरून आशा पाय मारत होती, पण बेट लांबच होत चाललं.

"वहिनी, पायात गोळा आलाय," आशा म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

शालनच्या काळजाचं पाणी झालं. देवाचं नावसुद्धा आठवेना. पण आशाची बोटं ट्यूबवरून निसटताना दिसली आणि तिने वाकून तिची वेणी धरली, मग दंड. खाली किती पाणी असेल, हा विचार डोक्यात आला की ती पकड आणखी आवळी.

मागे बस्त्याव ओरडत होता, "सोडू नका गो! नांगर अडकलाय!"

समोर पाण्यावर काहीतरी काळं हेलकावत होतं. मासेमारीच्या जाळ्याचा बोया, तळाशी दोराने बांधलेलं तरंगतं पिंप. तो हुकला की पुढे नुसतं पाणी. शालनने ट्यूबमधूनच अंग झोकून बोयाचा दोर पकडला. दोरावर शिंपल्या वाढल्या होत्या. तळव्यात सुऱ्या घुसल्यासारखं झालं, पाणी तांबडं झालं. एका हातात दोर, दुसऱ्या हातात आशा. प्रवाह दोघींना ओढत होता.

"मला सोड वहिनी, तू तरी..."

"गप्प बस!"

किती वेळ गेला कोण जाणे. होडीची सावली अंगावर पडली तेव्हाही शालनची मूठ उघडेना. बस्त्यावने एकेक बोट सोडवलं.

होडीत आशा खोकत उठून बसली. "दादाला सांगू नकोस हं," हे तिचं पहिलं वाक्य. शालनने तिच्या थोबाडीत मारली. दोन वर्षांत वर मान करून न बोललेली वहिनी! दुसऱ्याच क्षणी तिने आशाला असं आवळून धरलं, की बस्त्यावने तोंड फिरवलं.

संध्याकाळी रामनाथने दार उघडलं. बायकोच्या हातांना गुंडाळलेली फडकी पाहून तो दचकला. "काय झालं?"

आशाने घाईघाईने तोंड उघडलं, "खडकावर पडली..."

"नाही," शालन म्हणाली. "आम्ही दोघी वाहून चाललो होतो." आणि उंबऱ्यातच ती मटकन खाली बसली. मग कुठे तिला रडू फुटलं.