शिंपी आजोबांचा शेवटचा पेपर

खरं सांगायचं तर मैनेनं इतिहास हा विषय खुर्च्यांसाठी घेतला. आता साठी उलटल्यावर ती हे नातवंडांसमोर हसत हसत सांगते, पण तेव्हा कुणाला कळलं असतं तर तोंड लपवायला जागा उरली नसती.

त्या वेळी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीला होती. आवाज गोड, म्हणून तिथल्या मुलींनी तिला मैना म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव कायमचं चिकटलं. सकाळी डोळे चोळत घरी यावं तर घर म्हणजे दोन खोल्या. दादा कामावर निघालेला, वहिनी चुलीपाशी आणि जुळे पुतणे आळीपाळीनं भोकाड पसरणारे. एक दमला की दुसरा सुरू. वहिनी म्हणायची, "वन्सं, तुम्ही पडा हो जरा." आता पडायचं कुठं, ते तिलाही सांगता यायचं नाही.

पदवी मिळाली तर बढती मिळेल असं साहेबांनी सांगितलं, म्हणून ती विद्यापीठात चौकशीला गेली. ग्रंथालय बघू म्हणून आत शिरली. खालच्या मोठ्या दालनात लाकडी बाकं आणि ही गर्दी. जिना चढून वर गेली, तर एक लहानसा वाचनकक्ष. आत गादीच्या खुर्च्या, हात टेकायला रुंद दांड्या, पश्चिमेच्या खिडक्यांमधून टेबलावर आलेलं ऊन, आणि शांतता अशी की पान उलटलं तरी ऐकू यावं. दारावर पाटी होती: फक्त इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी. दुसऱ्याच दिवशी मैनेनं अर्जावर इतिहास लिहून टाकला.

मग तिचा क्रम ठरला. तास संपले की वर जायचं, कपाटातला सगळ्यात जाडजूड ग्रंथ काढायचा, कपाळाला हात लावून तो उघडा ठेवायचा आणि त्याच्या आडोशानं गाढ झोपायचं. भीती एकच होती, ती म्हणजे कक्षाच्या बाई. त्या सारख्या "शूऽऽ" करायच्या म्हणून पोरं त्यांना शू-बाई म्हणत. वाचनकक्ष झोपण्यासाठी नाही, असं त्यांचं ठाम मत होतं आणि दिवसातून अनेकदा त्या टेबलांमधून फेरी मारायच्या.

पहिल्याच आठवड्यात मैना सापडलीच असती, पण समोरून कुणीतरी जोरात खोकलं. ती दचकून जागी झाली. शू-बाई तिच्या पाठीमागून पुढे निघून गेल्या. समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. सदऱ्याची इस्त्री कडक, कानावर पेन्सिल, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. ते पुस्तकातून मान वर न काढता पुटपुटले, "झोप पोरी. मी आहे."

तेच शिंपी आजोबा. लहानपणी वडिलांनी शाळेतून काढून शिलाई मशीनवर बसवलं होतं. दुकान मुलाच्या हवाली केल्यावर त्यांनी राहिलेली शाळा पुरी केली आणि तिथून थेट इतिहासात उडी घेतली. गेली कित्येक वर्षं ते शेवटच्याच वर्षात होते. दर वर्षी परीक्षेला बसायचे, दर वर्षी कुठंतरी अडकायचे. पोरं म्हणायची, आजोबांना सगळं येतं, फक्त सनावळ्या येत नाहीत. ते खरंच होतं. कोणत्या लढाईत कुणी कुणाला दगा दिला, हे ते असं सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, शेजारच्या गल्लीतलं भांडण आहे. पण सन विचारला की बिचारे आढ्याकडे बघायचे.

मैनेचं नेमकं उलटं. तिला इतिहासातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आकडा एकदा कानावर पडला की डोक्यात पक्का बसायचा. एक दिवस जिन्यात बसून चहा घेताना आजोबा फ्रान्सच्या क्रांतीचा सन आठवत होते.

"सतराशे एकोणनव्वद," मैना म्हणाली.

"तुला बरं आठवतं!"

"अहो, तो सरकारी दवाखान्याचा नंबर आहे. रोज जोडून देते की मी."

आजोबांचे डोळे लकाकले. "आणि नेपोलियन हरला तो?"

"अठराशे पंधरा? ती लाकडाची वखार."

"म्हणजे नेपोलियन वखारीत हरला!" आजोबा इतके हसले की कपातला चहा हिंदकळला आणि शू-बाई थेट जिन्यापर्यंत आल्या.

तिथून त्यांची जोडी जमली. ती त्यांना टेलिफोनचे नंबर पाठ करवायची आणि ते तिला त्या नंबरांमागची माणसं सांगायचे. एक राणी कशी रुसली, एका सेनापतीचं पाऊल ऐन वेळी कसं मागे पडलं, एका साध्या करारानं किती घरं उठली. हळूहळू मैनेची दुपारची झोप कमी होत गेली. जाड ग्रंथ आडोशाला धरलेला असायचा खरा, पण एक दिवस ती त्यातलं पान उलटते आहे हे तिच्याच ध्यानात आलं आणि तिचं तिलाच हसू फुटलं. त्या कक्षातलं ऊन, जुन्या कागदाचा वास, शेजारी कुणाच्या तरी टाकाची कुरकुर, हे सगळं तिला घरापेक्षा आपलं वाटायला लागलं.

मैनेची दुसऱ्या वर्षाची आणि आजोबांची शेवटच्या वर्षाची परीक्षा एकाच दालनात आली. आजोबांची तयारी जय्यत होती. कुठलाही सन विचारा, दवाखाना, वखार, मुलींचं वसतिगृह असं पुटपुटून अचूक सांगायचे. पहिले पेपर झकास गेले. शेवटच्या पेपरला मात्र मैनेनं मान वळवून पाहिलं, तर आजोबांची जागा रिकामी! तिचा जीव टांगणीला लागला. पेपर कसाबसा लिहून ती धावतच ग्रंथालयात गेली. वाटलं, तिथं कुणालातरी त्यांच्या घरचा पत्ता ठाऊक असेल.

वर वाचनकक्षात आजोबा स्वस्थ वाचत बसले होते.

मैनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं त्यांना खुणेनंच जिन्यात बोलावलं. "तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत."

"मग पेपर?"

आजोबा चष्मा पुसायला लागले.

"मी झोप मोडून तुम्हाला सगळं घोटून घेतलं, आणि तुम्ही इथं आरामात बसलाय! थट्टा चालवलीय का माझी?"

"रागावू नकोस गं. दर वर्षी मी एक पेपर सोडतो," आजोबा खालच्या आवाजात म्हणाले. "पास झालो तर इथलं कार्ड काढून घेतील ना माझं. मग बसू कुठं? घरी सगळे चांगले आहेत. सून विचारपूस करते, मुलगा दुकानात बसा म्हणतो. पण दुकानात मी शिंपी, घरी मी म्हातारा. इथं मी विद्यार्थी आहे."

घरी पाठ टेकायला जागा न मिळणाऱ्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. मैना पायरीवर त्यांच्या शेजारी बसली.

इतक्यात वरून आवाज आला, "अहो आजोबा!" शू-बाई कठड्यावरून वाकून बघत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "माजी विद्यार्थ्यांना बसता येतं इथं. कार्ड बदलून देतात फक्त."

"काय म्हणता?"

"नियम दाराच्या मागं लावलेला आहे. इतकी वर्षं सगळी कपाटं वाचून काढलीत, दार तेवढं राहिलं वाटतं. एकदा विचारायचं तरी!"

आजोबा आ वासून बघत राहिले. मग त्यांना हसू आलं, मैनेला आलं, आणि शू-बाईंनी तोंडाला पदर लावला. परीक्षेची इतक्या वर्षांची फी आठवून आजोबा मध्येच "अरे देवा" म्हणायचे आणि पुन्हा हसायचे.

पुढच्या वर्षी दोघं एकदमच शेवटच्या परीक्षेला बसली. मैना दुसऱ्या वर्गात आली, आजोबा तिसऱ्या वर्गात का होईना, पण पास झाले. त्यांनी तिला एक कोट शिवून दिला. माप घेतलं नव्हतं, तरी खांद्याला असा बसला की जणू अंगावरच बेतला होता. मैनेला बढती मिळाली आणि तिची दूरच्या शहरात बदली झाली. निघायच्या दिवशी ती निरोप घ्यायला वाचनकक्षात गेली, पण आजोबा डोळ्याच्या ऑपरेशनला गेले होते. भेट राहूनच गेली.

मग एक दिवस ऑफिसातून तिनं वाचनकक्षाचा नंबर लावला. त्या शांत खोलीत शू-बाईंच्या टेबलावरचा फोन खणखणला. "काय हा गोंधळ," असं म्हणत बाईंनी उचलला आणि आवाज ओळखून आजोबांना हाक मारली.

"काय वाचताय?" मैनेनं विचारलं.

"आरमाराचा इतिहास," आजोबा कुजबुजले. "परीक्षा नाही, काही नाही. सावकाश चाललंय. डोळा आता लख्ख आहे बरं का."

मग ते सुरूच झालं. तिचं लग्न झालं, मुलं झाली, पाळ्या बदलल्या, फोनमधलं अंतर वाढत गेलं. तरी वर्षातून काही वेळा तो नंबर ती लावायचीच, आणि आजोबा दबक्या आवाजात सांगायचे, आज मीठ, आज रस्ते, आज जुन्या काळचे वैद्य.

एकदा शू-बाईंनी आजोबांना हाक मारली नाही. म्हणाल्या, "तुझा पत्ता माझ्याकडे असता तर कळवलं असतं गं. मागच्या महिन्यात गेले. झोपेतच गेले, त्रास काही झाला नाही."

मैना एवढंच म्हणाली, "शेवटी काय वाचत होते?"

"पुलांबद्दल काहीतरी. सारखे येऊन मला सांगायचे, बाई, ऐका ना, ऐका ना. मी गप्प करायची. आता ती जागा बघवत नाही मला."

मग बाई बोलत राहिल्या. आजोबांचा मुलगा आला होता म्हणाल्या. वडील रोज दिवसभर कुठं बसतात ती जागा त्याला बघायची होती. त्या खुर्चीवर तो थोडा वेळ बसला, खिडकीबाहेर बघितलं आणि नमस्कार करून गेला. त्यांच्या नव्या डोळ्याबद्दल बाई बोलल्या, तिसऱ्या वर्गाच्या निकालाबद्दल बोलल्या, नेपोलियनच्या वखारीबद्दलसुद्धा बोलल्या. ते त्यांना ठाऊक असेल असं मैनेला कधी वाटलंच नव्हतं. बाई चांगल्या मोठ्यानं बोलत होत्या. वाचणाऱ्या पोरांनी माना वर केल्या असणार, पण बाईंना त्याचं भान नव्हतं.

पलीकडून कुणीतरी पुस्तक मागितल्याचा आवाज आला. "थांब रे जरा," बाई त्याला म्हणाल्या, आणि मग तिला, "तू करत जा गं फोन. निवृत्त होईपर्यंत मी आहे इथं अजून दोन वर्षं."

मैनेनं ती दोन्ही वर्षं केला.