रविवारचे किडे

सत्याला पर्याय नसतो, असं तातेराव सोनकांबळे नोकरीची चौतीस वर्षं मानत आले. नोकरी आकडेवारीच्या एका सरकारी कचेरीत होती, आणि ज्या तालुक्याचा पावसाचा आकडा वेळेवर येत नसे, तिथे ते टेबलावर बसल्याबसल्या स्वतःच पाऊस पाडत. शेजारच्या तालुक्याचा बघायचा, मागच्या सालचा बघायचा, आणि मधला काहीतरी टाकायचा. आकडा पूर्ण मात्र कधी टाकायचा नाही. चाळीस मिलिमीटर कुणालाही खोटा वाटतो. एकोणचाळीस पॉइंट सहा म्हटलं की साहेब मान डोलवतात.

निवृत्तीनंतर वर्षभरात बायको, विठाबाई, गेल्या. काचीगुड्याच्या फ्लॅटमध्ये तातेराव उरले आणि एक टाकी उरली. टाकी मुलाची. प्रबुद्ध हायटेक सिटीत नोकरीला लागला तेव्हा हातात एवढा पगार आला की त्याचं काय करावं हे घरात कुणालाच कळेना. मग चार फुटी काचेची टाकी आली, खारं पाणी आलं, निळे दिवे आले आणि परदेशातून जिवंत पोवळी आली. पुढे कंपनीने त्याला न्यू जर्सीला पाठवलं, दोन वर्षांसाठी. सून दीक्षाही गेली. टाकी नेता येत नव्हती म्हणून मागे राहिली, आणि टाकी बघायला कुणीतरी हवं म्हणून तातेराव मागे राहिले. दोन वर्षं होऊन गेल्याचं कुणी काढलं नाही.

खालच्या मजल्यावरचे केशवराव एकदा टाकी बघायला आले. "पोवळं लोक अंगठीत घालतात, तुम्ही पाण्यात घातलंत. मंगळ भलताच कडक दिसतोय तुमचा!"

"मी मंगळ मानत नाही," तातेराव म्हणाले.

"मग टाकी कशाला मानता?"

तातेराव चहा टाकायला उठले. केशवराव चहा पिऊन गेले.

प्रबुद्धचा फोन दर रविवारी सकाळी नऊला येई. "जयभीम बाबा." "जयभीम." गोळ्या घेता ना, घेतो. इकडे बर्फ आहे, इकडे ऊन आहे. बरं मग. एकूण चार मिनिटं. तातेरावांनी मोजली होती. मोजण्याची सवय सुटत नाही.

जुलैत एका रविवारी, तिसऱ्या मिनिटाला, बोलायला काही उरलं नाही म्हणून ते म्हणाले, "त्या फांद्याफांद्यांच्या पोवळ्यावर पांढरे ठिपके आलेत."

"थांबा, थांबा. गोल आहेत? बुडाशी तपकिरी काही चिकटलंय?"

परदेशी गेल्यापासून पोराने पहिल्यांदाच प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहिली होती.

ते चपटे किडे होते. पोवळ्यावर बसून पोवळं खातात आणि त्याच्याच रंगाचे दिसतात, त्यामुळे सहा महिने पत्ता लागत नाही. उपचार प्रबुद्धने फोनवर लिहून घ्यायला सांगितला. पांढऱ्या टबात टाकीचंच पाणी घ्यायचं, त्यात आयोडीन कोऱ्या चहाच्या रंगाइतकं टाकायचं, पोवळं दहा मिनिटं बुडवायचं आणि पिचकारीने झोडपायचं. किडे नखाच्या कात्रणासारखे तळाशी पडतात. ते मोजायचे. बुडाची अंडी जुन्या टूथब्रशने खरवडायची. पण काही अंडी राहतातच, आयोडीन त्यांना लागत नाही. ती फुटतात, म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा.

रविवारी सकाळी तातेराव आधी बुद्धवंदना घेत, पंचशील म्हणत, त्यातलं पहिलं म्हणजे जीवहिंसा करणार नाही. मग टबाशी बसून जीव मारत. पहिल्या रविवारी एकतीस मारले.

"एकतीस!" प्रबुद्ध ओरडला. "फांदीवरचे किती? बुडाचे किती?"

फोन बावीस मिनिटं चालला. पुढच्या रविवारी एकोणीस, मग बारा, मग पाच. प्रबुद्ध आकडे कॉम्प्युटरवर तक्त्यात भरत होता, आलेख काढत होता. "बाबा, पाण्याचं तापमान पण सांगत चला. वेगळा रकाना करतो." रकाना हा शब्द पोराच्या तोंडून ऐकून तातेरावांना भरून आलं. आपलं खातं पोराने चालवायला घेतलं, असं त्यांना वाटलं.

"आता शून्य आलं की सुटलो," पाचच्या रविवारी प्रबुद्ध म्हणाला. "मग तुम्हाला दर आठवड्याला ही कटकट नाही."

पुढच्या रविवारी शून्य आलं. तातेरावांनी पिचकारी चारदा मारली, भिंग लावून टब बघितला. एकही नाही. नऊला फोन वाजला.

"किती?"

"सात," तातेराव म्हणाले.

पंचशीलातलं पहिलं मोडून झालं होतं, आता चौथ्यावर, खोटं न बोलण्यावर, आले.

"सात? वाढले?" प्रबुद्ध हळहळला, आणि पंचवीस मिनिटं बोलला. मध्येच दीक्षाने फोन घेऊन, "बाबा, आयोडीनला हातमोजे घाला हं," असं सांगितलं.

पुढचे आकडे तातेरावांनी जुन्या हाताने तयार केले. नऊ. सहा. आठ. एकदा अकरा टाकून लगेच सातवर आणलं. तापमानही त्याला जुळेल असं दिलं. पोवळ्यांचे ठिपके भरून आले होते, नवी जांभळी टोकं फुटली होती. ते टोकांकडे बघत आणि फोनवर म्हणत, "खातायत रे अजून."

दसरा गेला. एका रविवारी प्रबुद्धचा आवाज खुशीत होता. "बाबा, तुमचा आलेख मी इंटरनेटवर टाकला. चार देशांतले लोक चर्चा करतायत. असे न मरणारे किडे कुणी पाहिलेच नाहीत!"

"मग?"

"जर्मनीतला एक जण म्हणतो, औषधाला दाद देत नाहीत, सगळं काढून टाका. मलाही पटतं. तुमचे किती हाल. दिलसुखनगरचा अप्पाराव, ज्याच्याकडून टाकी घेतली, त्याला फोन केलाय. गुरुवारी येईल. आता रविवारची धावपळ नको, सावकाश बोलू महिन्यातून एकदा."

गुरुवारी अप्पाराव दोन बादल्या घेऊन आला. प्रत्येक पोवळं उचलून, उलटं करून, उजेडात धरून बघितलं.

"सार, कीडे किधर हैं? एक भी नै. ये तो मेरी दुकान से अच्छा है."

तातेराव फडक्याने टाकीची काच पुसू लागले.

"प्रबुद्ध साब को बोल देता हूँ. टाकी रैने दो."

अप्पारावने खिशातून मोबाइल काढला. त्याला फोन करू द्यायचा, एवढंच होतं. टाकी राहिली असती. पण सात, नऊ, सहा, आठ, अकरा हे सगळे आकडे पोराच्या तक्त्यात बसले होते, चार देशांनी वाचले होते. कचेरीत एक नियम होता: छापून गेलेला आकडा मागे घ्यायचा नाही, मग पाऊस पडो न पडो.

"नक्को," तातेराव म्हणाले. "अंदर हैं. दिखते नै."

अप्पारावने त्यांच्याकडे बघितलं, खांदे उडवले, आणि पोवळी बादल्यांत भरली. रिकामी टाकी नंतर न्यायची ठरली. जाताना त्याने पाणी सोडायला तिला रबराची नळी लावून दिली.

टाकीत दोनशे चाळीस लिटर पाणी होतं. ते मोरीतून जायला पन्नास मिनिटं लागली.