पहिल्या भागातला आवाज

डब्ल्यूचं बटण तेवढं गुळगुळीत झालेलं — अक्षर केव्हाच पुसलेलं, मधोमध बोटाएवढा खळगा, कारण या खेळात पुढं जायचं तर हेच एक दाबून ठेवावं लागतं आणि अकरावीच्या अख्ख्या वर्षात ऋतुराजनं दुसरं काही केलंच नव्हतं. नऊ वर्षांनी जुना लॅपटॉप माळ्यावरून काढला, पुसला, चार्जरची वायर एका ठरावीक कोनात वाकवून धरली तेव्हा कुठं तो कुरकुरत सुरू झाला. रविवारची सकाळ. सात रस्ता चौकातलं कॉम्प्युटरचं दुकान, जिथं तो सहा दिवस दुसऱ्यांची मशिनं उघडून बसतो, आज बंद. आज व्हिडिओ करायचा होता, पहिला भाग बरा की दुसरा. त्याच्या चॅनेलवरचे लोक दोन आठवडे हेच विचारत होते.

तशी तुलना सोपी होती. पहिल्या भागात सहा गोळ्या, एक विझत जाणारी बॅटरी आणि पडक्या इस्पितळात फिरणारी आंधळी दाई, जिला मारता येत नाही, फक्त चुकवायचं. दुसऱ्या भागात गोळ्या पोत्यानं, नकाशावर बाण, आणि दाईलासुद्धा पूर्वायुष्य दिलेलं, बिचारी अशी का झाली वगैरे. भूत समजावून सांगितलं की त्याची भीती जाते... असं एक वाक्य त्यानं लिहूनही ठेवलं होतं. चांगलं वाक्य, टाळ्यांचं. पण चार दिवसांपूर्वी दुसऱ्या भागात तोच जुना बोळ आला — पहिल्यातला, हिरव्या फरशीचा — आणि हेडफोनमध्ये भिंतीपलीकडून एक बाई कण्हली. लांबट, शब्द नसलेलं. ऋतुराजनं खेळ तिथंच थांबवला आणि पाठोपाठ त्याला, लाज वाटावी असा आनंद झाला.

म्हणजे तो आवाज खेळात आहे! दुसऱ्यात आहे म्हणजे पहिल्यातही असणारच. जुनंच तर उचलून आणतात हे लोक. देवा सिद्धरामा, पहिल्यातही असू दे.

कारण पहिला भाग त्यानं मुळात ऐकलाच नव्हता. खाली शेडमध्ये चार यंत्रमाग, वर घराच्या दोन खोल्या. माग सुरू असले की मांडणीवरची भांडी थरथरायची, आणि माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलायची. शेजारी बसलेल्याचं ऐकू येत नाही त्या घरात खेळाचा आवाज लावतो कोण? बंदच ठेवलेला. दाई आवाजावर चालून येते हेही त्याला ठाऊक नव्हतं. दिवा दोनदा लवलवला की ती आली, एवढं डोळ्यांनी शिकून तो खेळत राहिला... फक्त एक गुरुवार सोडून. वडील, अप्पा, सोयरिकीच्या बैठकीला अक्कलकोटला गेलेले. दुपारी लाईट गेली. माग थांबले, कामगार चहाला निघून गेले, घर इतकं शांत झालं की त्याला आपलंच घर ओळखू येईना. लॅपटॉप बॅटरीवर चालत होता. म्हटलं, चला, आज आवाज लावून बघू. मित्राचे हेडफोन कानाला. हिरवा बोळ. आणि ते कण्हणं, तीनदा. मी हसलो होतो. तो नाही, मी. काय भारी आवाज दिलाय, असं मी मोठ्यानं म्हणालो होतो आणि आवाज वाढवला होता.

चाळीस मिनिटांनी लाईट आली, माग सुरू झाले. तासाभरानं धुळा नावाचा जुना विणकर पाणी प्यायला वर चढला, तर जिन्याच्या वळणावर ऋतुराजची आई, अव्वा, पडलेली — तोंड वाकडं, डोळे उघडे. तासभर आधी आणलं असतं तर वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. अप्पांनी एकच विचारलं होतं.

"तुला ऐकू आलं न्हाय?"

"माग चालू होते."

धडधडीत खोटंही नव्हतं ते. माग चालू होतेच की, नंतर. अप्पांनी ते उत्तर घेतलं आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवलं. महिन्याच्या आत चारी माग भंगारात घातले. ह्या मागांनी माज्या बायकोचा आवाज खाल्ला, असं ते येईल त्याला सांगत. आता रिकाम्या शेडमध्ये, फरशीवरच्या तेलकट डागांशेजारी, खुर्ची टाकून बसतात. कान मागांनीच नेलेले. आणि ऋतुराज नऊ वर्षं त्यांच्या ताटात भाकरी वाढतो, गोळ्या आठवणीनं देतो, गुणी पोरगा म्हणून गल्लीत नाव कमावतो. चोराच्या मनात चांदणं, ते असं.

शेवटचं सेव्ह त्याच बोळाच्या तोंडाशी होतं. त्या दिवसानंतर उघडलंच नव्हतं. त्यानं हेडफोन घातले, आवाज पूर्ण वाढवला, डब्ल्यू दाबला. पाणी ठिबकत होतं. फरशीवर बूट. दिवा दोनदा लवलवला, दाईची नखं भिंतीवरून गेली — असा आवाज होतो तर त्यांचा — आणि मग पुन्हा पाणी. दुसरं काही नाही. तो परत फिरला. कदाचित उजव्या भिंतीला चिकटून चालावं लागत असेल... पाणी, बूट, नखं. तिसऱ्यांदा थांबून राहिला, दाईनं मारलं तरी हलला नाही, मरता मरताही ऐकत होता. कण्ह ना गं. एकदा कण्ह. पाणी ठिबकत राहिलं, आणि पहिला भाग त्याच्याशी इतका निर्दयपणे प्रामाणिक राहिला की त्याला रडूही येईना.

खांद्यावर हात पडला. त्यानं हेडफोन ओढून काढले. अप्पा होते, दुसऱ्या हातात चहाचा कप, नजर स्क्रीनवर.

"ह्यो त्योच न्हवं? तवा खेळत हुतास त्यो?"

अप्पांना हे आठवत असेल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. "व्हय," तो म्हणाला.

"मग खेळ की. असं तोंड करून का बसलास? तुजा काय दोस? पोरगं हुतास. माग माजे हुते."

हे वाक्य आलं की काय करायचं ते त्याला पाठ होतं. अप्पांशी बोलायचं तर तोंड त्यांच्यासमोर धरावं लागतं. मान वळवली की त्यांच्यापुरतं बोलणं संपतं. कित्येकदा तो खिडकीकडे बघून सगळं बोलला होता, चांगलं खणखणीत आवाजात, दोन हात अंतरावरून, आणि अप्पा शांतपणे भाकरी मोडत राहिले होते. त्याला तो कबुलीजबाब म्हणायचा. आताही मान वळायला लागलीच होती.

त्यानं ती धरून ठेवली.

"अप्पा, माग बंद होते. लाईट गेली होती."

आवाज निघाला की नुसते ओठ हलले, त्याचं त्यालाच कळलं नाही. अप्पांनी कप टेबलावर ठेवला. कपाळाला आठी नाही, डोळ्यांत पाणी नाही. ते फक्त थोडे जवळ सरकले, आणि त्यांची नजर त्याच्या ओठांवर येऊन थांबली.

"मग?"

आता पुढचं वाक्य. त्यात ते कण्हणं होतं, ते हसू होतं, वाढवलेला आवाज होता. खाली चारी माग एकदम सुरू व्हावेत, भिंती हादराव्यात, कुणाला कुणाचं ऐकू येऊ नये, असं त्याला जीव तोडून वाटलं. आणि त्याच दमात हेही कळलं की त्यानं काही होणार नव्हतं, कारण समोरचा माणूस ऐकायला शिकला होता तो मागांच्या आवाजातच.